तिलिस्मातली निवडणूक

४६९ आणि ४११. एप्रिल २००४ मध्ये झालेल्या एका निवडणुकीचा हा निकाल. फरक अठ्ठावन्न मतांचा. आपल्याकडे नगरपालिकेच्या एखाद्या वॉर्डात असा निकाल लागला तर एका गल्लीत गुलाल उधळतो, दुसऱ्या गल्लीत फेरमोजणीची भाषा सुरू होते आणि चहाच्या टपरीवर पुढचे सहा महिने तोच विषय पुरतो. या निवडणुकीतही गुलाल सोडून बाकीचे बहुतेक सगळे झाले. विद्यमान अध्यक्ष निवडून आले, हरलेल्या बाजूने घोटाळ्याचा आरोप केला, काही मतदारांना मतच देता आले नाही आणि मोठमोठ्या अमेरिकन वर्तमानपत्रांनी या लढतीची दखल घेतली. फक्त ज्या शहराचा अध्यक्ष निवडायचा होता ते शहर कुठल्याही नकाशावर नव्हते. ते एका कंपनीच्या संगणकांत होते. शहराचे नाव अल्फाव्हिल, खेळाचे नाव 'द सिम्स ऑनलाइन'.

या शहराची हकिकत पीटर लडलो आणि मार्क वॉलेस यांच्या 'द सेकंड लाइफ हेराल्ड' या इंग्रजी पुस्तकात आहे. एमआयटी प्रेसने ते २००७ मध्ये काढले. लडलो तेव्हा तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, वॉलेस पत्रकार. साहित्याच्या वार्षिकात संगणकाच्या खेळावरच्या पुस्तकाची समीक्षा कशाला, असे कुणी विचारील. गझल, कथासंग्रह, आत्मकथन यांच्या रांगेत हे पाहुणे कोण? आमचे उत्तर सरळ आहे. हजारो माणसे नाव बदलून, वेष बदलून एका कल्पित शहरात राहायला जातात, तिथे मैत्री आणि दुश्मनी करतात, पुढारी निवडतात आणि ठकवले गेले तर खरोखरीचे रडतात. अशा जगाला आमच्या वडीलधाऱ्यांच्या भाषेत एक जुना शब्द आहे: तिलिस्म. तिलिस्म हा साहित्याचा विषय नाही असे उर्दू वाचणारा माणूस तरी म्हणणार नाही.

आधी शहर समजून घेऊ. 'द सिम्स ऑनलाइन' हा खेळ डिसेंबर २००२ मध्ये सुरू झाला. दरमहा पैसे भरायचे, एक बाहुली घडवायची, तिला नाव द्यायचे आणि शहरात घर बांधायचे. नाणी कमवायला कष्ट होते. पिझ्झा करायचा तर चौघांनी मिळून यंत्राभोवती उभे राहायचे, एकाचे चुकले की सगळ्यांचे फुकट. मुरंबा भरणे, बागेतले बुटके पुतळे बनवणे असलीही कामे होती. ज्यांना दिवसभर नोकरीत हेच करावे लागते ती माणसे रात्री पैसे भरून पुन्हा तेच का करत होती, हे कोडे आम्हाला अजून सुटलेले नाही. असो.

हा खेळ रचणारे विल राइट यांचे नाव आमच्या वाचकांपैकी तरुणांना माहीत असेल. त्यांचाच 'सिमसिटी' १९८९ मध्ये आला. त्यात खेळणारा एकटा असतो आणि त्याचे पद मेयरचे असते. रस्ते तो आखतो, कर तो बसवतो, वाटल्यास आपल्याच शहरावर पूर किंवा भूकंपही तोच सोडतो. हा मेयर निवडून आलेला नसतो, खेळ सुरू केला की तो मेयर होतोच. मेयर म्हणवणारा हा खरे तर बादशहा. गंमत अशी की याच माणसाने पुढे खऱ्या माणसांनी भरलेले शहर केले, तेव्हा त्यात मेयरची खुर्चीच ठेवली नाही. अल्फाव्हिलमध्ये ना नगरपालिका होती, ना मतपेटी, ना कोतवाल. सत्ता होती ती कंपनीची, आणि कंपनीला शहराच्या रोजच्या भांडणात पडायची हौस नव्हती.

रिकाम्या खुर्चीचे पुढे काय होते ते आपण मोहल्ल्यात पाहिलेले आहे. अल्फाव्हिलमध्ये तेच झाले. आधी दादा लोक आले. त्यांनी स्वतःला माफिया म्हणवून घेतले. मारता येत नव्हते, म्हणून त्यांनी वेगळीच शिक्षा शोधली. खेळात प्रत्येकाच्या नावापुढे त्याचे मित्र आणि शत्रू दिसत, मैत्रीचे एका रंगात आणि वैराचे लाल. टोळीतल्या सगळ्यांनी मिळून एखाद्याला शत्रू ठरवले की त्याच्या नावापुढे लाल रंगाची रांग लागे, आणि नवखा माणूस त्याच्या वाऱ्याला उभा राहत नसे. बहिष्काराचे हे हत्यार जुनेच आहे. त्यात रंग भरले एवढेच. दादांच्या मागोमाग 'सरकार' आले. काही खेळाडूंनी एकत्र येऊन स्वतःच सरकार जाहीर केले, त्यातल्या मुख्याने 'मिस्टर प्रेसिडेंट' हे नाव धारण केले, नवख्यांना ठकवणाऱ्यांपासून वाचवू असे सांगितले. आणि सरकारमागून वर्तमानपत्र आले. लडलो यांनी ऑक्टोबर २००३ मध्ये 'द अल्फाव्हिल हेराल्ड' सुरू केले. खेळातले त्यांचे नाव युरिझेनस. ब्लेकच्या काव्यातला कायदे करणारा, नियमांच्या जाळ्यात जग पकडणारा युरिझेन या नावाने आठवतो. नियमांवरच बोट ठेवणाऱ्या संपादकाने ते घ्यावे, याची आम्हाला मौज वाटली.

आता तिलिस्माकडे वळतो, कारण तो समजल्याशिवाय ही निवडणूक समजत नाही असे आमचे मत आहे. 'तिलिस्म-ए-होशरुबा' लखनौच्या नवल किशोर छापखान्यातून १८८३ पासून खंडाखंडाने निघाले. पहिले खंड मुहम्मद हुसैन जाह यांचे, पुढचे अहमद हुसैन कमर यांचे. वेषांतर करणारे ऐयार आणि जगातली कुठलीही वस्तू सामावून घेणारी अमर ऐयारची झंबील आपल्याकडच्या मुलांना आजही सांगितली तर ती म्हणतात, सर, हे तर गेममध्ये असते. बरोबरच आहे. पण मुद्दा झंबीलचा नाही, लौहचा आहे. दास्तानीतला तिलिस्म म्हणजे जादूगारांनी बांधलेले जग. तिथली झाडे, महाल, नद्या खऱ्यासारख्याच, पण सगळे कुणीतरी बांधलेले. आणि अशा प्रत्येक जगाची एक पाटी असते, लौह-ए-तिलिस्म. हे जग कसे चालते आणि कसे मोडते ते त्या पाटीवर असते. होशरुबामध्ये ती पाटी मिळवून तिलिस्म तोडणे शहजादा असदच्या नशिबी लिहिलेले आहे. शम्सुर रहमान फारुकींनी दास्तानीवर जे अनेक खंडांचे काम करून ठेवले आहे त्याच्या नावातच जादूगिरी आणि बादशाही शेजारी शेजारी बसवली आहे: 'साहिरी, शाही, साहिबकिरानी'. ज्याच्या हाती जादू त्याच्या हाती राज्य, हे दास्तानगोंना ठाऊक होते. तिलिस्मात कुणी कितीही मोठा सरदार होवो, पाटी त्याच्याकडे नसेल तर त्याची सरदारी पाहुण्याची.

अल्फाव्हिलची पाटी कंपनीकडे होती. हे संपादकांना पहिल्या तीन महिन्यांतच कळले. 'हेराल्ड'ने नवख्यांची लूट, ठकबाजी आणि मुलामुलींच्या बाबतीत चालणारे ओंगळ प्रकार छापायला सुरुवात केली. डिसेंबर २००३ मध्ये कंपनीने लडलो यांचे खाते बंद केले. कारण दिले नियमभंगाचे. लडलो यांचे म्हणणे असे की हा मुस्कटदाबीचा प्रकार होता. बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'पर्यंत गेली. ठकबाजांची कहाणी छापणारा बाहेर, आणि ठकबाजी बंद झाली का, तर नाही. पुस्तकाचा हा भाग उत्तम आहे. बातमीदाराचे डोळे, लहान वाक्ये, नावनिशीवार हकिकत. कंपनीला खलनायक बनवायचा मोह लेखकांना होतो, पण तो त्यांनी बऱ्यापैकी आवरला आहे.

एवढे झाल्यावर ती एप्रिलची निवडणूक येते. एका बाजूला विद्यमान 'मिस्टर प्रेसिडेंट', विशीतला तरुण. दुसऱ्या बाजूला एक चौदा वर्षांची शाळकरी मुलगी, मोठ्या बाईच्या नावाने वावरणारी. शिक्षक म्हणून आम्ही तिच्या वयापाशी थांबलो. चौदा म्हणजे आठवी-नववी. आमच्या वर्गातल्या मुली या वयात नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मताधिकाराचा धडा वाचतात आणि परीक्षेपुरता पाठ करतात. ही मुलगी प्रचार करत होती, टोमणे झेलत होती, पत्रकारांना मुलाखती देत होती. जिंकली असती तर तिला काय मिळणार होते? काहीच नाही. या अध्यक्षाला कर बसवता येत नव्हता, कुणाला शहराबाहेर काढता येत नव्हते, रस्त्यावरचा एक दिवाही लावता येत नव्हता. खेळाच्या आत निवडणुकीची सोयच नसल्याने मतदानसुद्धा खेळाबाहेर झाले. तरी आठशे ऐंशी मते पडली.

पुस्तकाचा खरा प्रश्न इथे आहे आणि लेखकांनी तो अर्धाच विचारला, अशी आमची तक्रार आहे. ज्या खुर्चीला अधिकार नाही तिच्यासाठी माणसे का भांडली? लेखकांचा ओढा आहे तो भाषणस्वातंत्र्याकडे, कंपनीच्या मनमानीकडे. तो विषय मोठा आहे, मान्य. पण त्या नादात ते मतदाराजवळून घाईने निघून जातात. या निवडणुकीतला आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा तपशील असा: 'अमेरिका ऑनलाइन' या कंपनीच्या जोडणीवरून येणाऱ्या काही लोकांची मते यंत्रणा घेईना. हरलेल्या बाजूने ओरड केली की विद्यमान अध्यक्षाला हे माहीत होते आणि त्याचा त्याने फायदा घेतला. खरे-खोटे अल्लाह जाणे. पण ज्याचे मत घेतले गेले नाही त्या माणसाला त्या रात्री काय वाटले, हे आम्हाला या पुस्तकात वाचायचे होते.

का वाचायचे होते ते सांगतो. निवडणुकीच्या ड्यूटीवर आम्ही केंद्रावर बसलो आहोत, मतदार याद्यांचे कामही केले आहे. उर्दू नावे देवनागरीत उतरताना काय होते ते आम्ही पाहिले आहे. एका कागदावर 'जुलेखा', दुसऱ्यावर 'झुलेका', वडिलांच्या रकान्यात नवऱ्याचे नाव, एकाच घरातले तिघे यादीत आणि चौथा गायब. एकदा एक वयस्कर खाला बुरखा सावरत रांगेत तास-दीड तास उभ्या राहिल्या आणि टेबलापाशी आल्यावर नाव निघेना. आम्ही पाने पुढे-मागे केली. त्या रागावल्या नाहीत. 'देखो बेटा, होगा इधरिच' एवढे तीनदा म्हणाल्या. कोण उमेदवार निवडून येणार याच्याशी त्यांना फार देणेघेणे नसावे. पण आपले नाव त्या कागदावर असले पाहिजे, याच्याशी होते. अल्फाव्हिलच्या मतदाराची आणि या खालांची बरोबरी करणे आम्हाला मान्य नाही. एकाचे मनोरंजन बुडाले, दुसरीचा हक्क बुडाला. तरीही ४११ मते घेऊन हरलेल्यांचा संताप आम्हाला त्या दिवसाच्या आठवणीमुळे कळला.

दुसरी अडचण लेखकांच्या भूमिकेची. ज्या वर्तमानपत्राने ही निवडणूक गाजवली, त्याच वर्तमानपत्राच्या संपादकाने तिचा इतिहास लिहिला. पक्षकारानेच पंचनामा लिहिला तर वाचणाऱ्याने सावध राहावे. पुस्तकाच्या उपशीर्षकात ते स्वतःच्या पत्राला 'टॅब्लॉइड' म्हणवून घेतात. हा प्रामाणिकपणा आवडला, पण त्याने सुटका होत नाही. टॅब्लॉइडला चटकदार माणसे लागतात. दादा, ठक, अध्यक्ष असे लोक पुढे येतात आणि मत टाकून गुपचूप पिझ्झा करायला गेलेली आठशे माणसे अंधारात राहतात.

निवडणुकीला अधिकार जोडला तर काय होते, हे पाहायला आम्ही त्याच काळातला दुसरा एक खेळ शेजारी ठेवून पाहिला. 'स्टार वॉर्स गॅलक्सीज' जून २००३ मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षअखेर त्यात खेळाडूंची शहरे आली. इथे मेयर हे खेळाने मान्य केलेले पद होते, राजकारणी हा एक पेशाच होता, जसा वैद्य किंवा शिंपी. टॅटुइन, नाबू अशा ग्रहांवर मोकळ्या जागी कुणी सिटी हॉल उभारायचा. आसपास घर असलेल्यांनी तिथले रहिवासी म्हणून नोंद करायची. रहिवासी वाढले की शहराचा दर्जा वाढे, साध्या ठाण्यापासून ते थेट महानगरापर्यंत, आणि दर्जाबरोबर शटलचा तळ, बागा वगैरे उभारायची मुभा मिळे. मेयरला कर लावता येई, कुणाला घर बांधू द्यायचे ते ठरवता येई, नको त्याला शहरबंदीही करता येई. इमारतींच्या देखभालीचा खर्च मात्र शहराच्या तिजोरीतून दर आठवड्याला जायचा. आणि दर तीन आठवड्यांनी निवडणूक! सिटी हॉलमधल्या यंत्रापाशी जाऊन मत द्यायचे. तीन आठवड्यांची मुदत ऐकून आमच्या गावातल्या पुढाऱ्यांना घेरी येईल.

या खेळातली आम्हाला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे रहिवाशाकडे मतापेक्षा मोठे एक हत्यार होते. कर फार झाला की त्याने घर उचलायचे आणि दुसरीकडे नेऊन मांडायचे. मेयरने लोकांची मर्जी सांभाळली नाही तर शहराचा दर्जा उतरे, माणसे निघून जात आणि वाळवंटात ओस घरे उरत. आपल्याला हे परवडत नाही. मोहल्ला आवडला नाही म्हणून घर पाठीवर टाकून दुसऱ्या वस्तीत जाता येत नाही, आणि गेले तरी तिथे जागा देणारा भेटला पाहिजे. भाड्याच्या घरासाठी नाव सांगितल्यावर 'विचारून सांगतो' हे उत्तर ज्यांनी ऐकले आहे ते जाणतात. म्हणून त्या खेळातल्या लोकशाहीचे कौतुक करताना आमचा हात थोडा आखडतो. तिथे जमीन भरपूर होती.

पण एवढे अधिकार असलेल्या मेयरचीही पाटी कंपनीकडेच होती. नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीने सगळा खेळच नव्याने मांडला, पूर्वीचे डझनावारी पेशे जाऊन मूळ पेशे नऊवर आले. वर्षानुवर्षे शिकलेले कसब काहींचे एका दिवसात गेले. खेळाडूंनी आकांत केला, कित्येक सोडून गेले. शेकडो निवडलेले मेयर होते त्या ग्रहांवर. त्यातल्या एकालाही या निर्णयावर मत नव्हते. पुढे १५ डिसेंबर २०११ रोजी तो खेळही बंद झाला. आपल्याकडच्या महापौरांची इथे आठवण होते. नगरसेवकांनी आपल्यातून निवडलेला, अडीच वर्षांचा, झगा आणि मानाची खुर्ची असलेला महापौर, आणि १९४९ च्या कायद्याने कारभाराचे अधिकार असलेले आयुक्त. २०२२ नंतर तर राज्यातल्या अनेक महापालिकांत काही वर्षे निवडलेले कुणीच नव्हते, प्रशासकच होते. दिवे लागत होते, कचरा कधी उचलला जाई, कधी नाही. नगरसेवक नसल्याचे कुणाला जाणवले, तर ज्यांना दाखल्यावर सही हवी होती त्यांना.

आता प्रश्न असा की पाटी ज्याच्या हाती आहे त्याने ती मनापासून लोकांना देऊन टाकायची ठरवली तर? याचे उत्तर अल्फाव्हिलच्या आधीच मिळालेले आहे. १९९० मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात पॅव्हेल कर्टिस यांनी 'लॅम्डामू' नावाचे जग उघडले. चित्र नाही, आवाज नाही, निव्वळ शब्दांचे जग. म्हणजे दास्तानच. तिथे व्यवस्थापकांना 'विझार्ड' म्हणत, जादूगार. डिसेंबर १९९२ मध्ये या जादूगारांनी जाहीर केले की यापुढे आम्ही फक्त यंत्र दुरुस्त करू, तुमच्या भांडणांत पडणार नाही. काही महिन्यांतच एका सदस्याने इतरांच्या अब्रूवर घाला घालणारा अत्यंत ओंगळ प्रकार केला. न्याय कुणी करायचा? शेवटी अर्ज आणि मतदानाची पद्धत आली, लोक कायदे करू लागले. आणि मे १९९६ मध्ये जादूगारांनी पुन्हा जाहीर केले की यंत्र चालवणे आणि समाज चालवणे वेगळे ठेवता येत नाही, आमच्या प्रत्येक दुरुस्तीचा परिणाम माणसांवर होतोच, तेव्हा निर्णय आम्हालाच घ्यावे लागतील. साडेतीन वर्षांत वर्तुळ पूर्ण झाले. हे लोक वाईट नव्हते. सत्ता सोडायची त्यांची इच्छा खरी होती असे आम्हाला वाटते. पाटी हातातून सुटली नाही, एवढेच.

हे वाचताना आम्ही पुस्तक मिटवून बसलो होतो. कारण आठवला तो आमचाच वर्ग. काही वर्षांपूर्वी आठवीत आम्ही मॉनिटरची निवडणूक घेतली. नागरिकशास्त्राचा धडा जिवंत करावा, बी.एड.ला शिकलेले कुठेतरी वापरावे, हा हेतू. खडूच्या रिकाम्या खोक्याची मतपेटी केली, चिठ्ठ्या वाटल्या, दोघांना मोजायला बसवले. एक मुलगी तीन मतांनी निवडून आली. आठवडाभरात तक्रारी सुरू झाल्या की मागच्या बाकांवरची मुले तिचे ऐकत नाहीत, गोंधळ वाढला आहे. वरून विचारणाही झाली. आम्ही दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाला मॉनिटर केले आणि तिला सांगितले की बेटा, तू अभ्यासाकडे लक्ष दे. आमच्या मते आम्ही समजूतदारपणे वागलो होतो. ती म्हणाली, 'फिर चिठ्ठ्यां कायको लिखवाए, सर?' आमच्यापाशी उत्तर नव्हते. तास संपल्याची घंटा झाली आणि आम्ही हजेरीपट उचलून बाहेर पडलो.

कर्टिस आणि त्यांच्या जादूगारांनी निदान दोन्ही वेळा लिहून जाहीर केले, कारणे दिली. आम्ही ते केले नाही. म्हणून अल्फाव्हिलच्या कंपनीला शिव्या देणाऱ्या पानांवर आम्ही लेखकांइतक्या जोरात टाळ्या वाजवू शकलो नाही.

पुस्तकाविषयी आणखी थोडे. निवडणुकीनंतर ते 'सेकंड लाइफ' या दुसऱ्या जगाकडे वळते, कारण हेराल्डही २००४ मध्ये तिकडे गेले. हा भाग माहितीने भरलेला आहे, पण अल्फाव्हिलची ऊब त्यात नाही. नावे फार, माणसे थोडी. इंग्रजी सोपे आहे, मधूनमधून प्राध्यापकी शेरे येतात ते गाळून वाचले तरी चालते. शहराच्या नावावरही दोन ओळी हव्या होत्या असे आम्हाला वाटले. गोदारच्या १९६५ च्या 'अल्फाव्हिल' या चित्रपटातले शहर एक संगणक चालवतो. त्या नावाच्या शहरात राहून अध्यक्ष निवडायला निघालेल्यांची थट्टा करायची तर विषय आयता होता.

कमीपणा जाणवतो तो त्या मुलीच्या बाबतीत. ती येते, लढते, हरते. दुसऱ्यांनी तिच्याविषयी केलेले आरोप-प्रत्यारोप आपल्याला कळतात. पण कसलाही अधिकार नसलेल्या अध्यक्षपदासाठी तिने एवढे का सोसले, हे तिच्या तोंडून पुरेसे ऐकू येत नाही. दास्तानगो असता तर त्याने दुय्यम ऐयाराच्या तोंडीही पानभर बोलणे घातले असते. आमच्याकडच्या नव्या कथाकारांपैकी कुणी सायबर कॅफेत रात्र काढणाऱ्या, नाव बदलून खेळणाऱ्या मोहल्ल्यातल्या पोरांवर लिहायला बसेल, तर त्याने या पुस्तकातून हेराल्डची चिकाटी घ्यावी आणि ही चूक टाळावी. खेळताना आपल्या पोरांनी कोणती नावे घेतली, 'अरमान'चा 'रॉकी' कुठे आणि का झाला, एवढ्यावरच एक चांगली कथा होईल.

आणि एक प्रकरण या पुस्तकात नाही, कारण ते नंतर घडले. फेब्रुवारी २००८ मध्ये कंपनीने खेळाचे नाव बदलून 'ईए-लँड' केले आणि १ ऑगस्ट २००८ रोजी तो कायमचा बंद केला. घरे, पिझ्झ्याची यंत्रे, नावापुढच्या लाल रांगा, सगळे गेले. त्या वेळी अल्फाव्हिलचा अध्यक्ष कोण होता, होता की नव्हता, याने काही फरक पडणार नव्हता. पुढची आवृत्ती निघाली तर लेखकांनी हे प्रकरण घालावे, आणि ज्यांची मते यंत्राने घेतली नाहीत त्यांच्यापैकी दोघा-चौघांना शोधून त्यांचेही चार शब्द घ्यावेत.